राएलेच्या माळावर विमान बांधलं तेव्हा

आमच्या इत्बायात बेटावर वायुदलाचं विमान उतरलं की शाळा आपोआप सुटायची. राएले वस्तीतली शाळा धावपट्टीला लागूनच. मी तिथली मास्तरीण, पण पोरांना अडवायच्या भानगडीत मी कधी पडले नाही, कारण मलाच आधी पळावं लागे. वस्तीतला एकुलता एक रेडिओ शाळेत होता आणि तो माझ्याकडे असायचा. वारा कुठला, ढग किती खाली, हे वैमानिकाला मीच सांगायची.

माझ्या लहानपणी वायुदलाचं डाकोटा विमान फक्त शेजारच्या बेटावर, बास्कोला यायचं. तिथून टपाल आमच्याकडे होडीनं येई, समुद्राच्या मर्जीनं. कधी तीन तासांत, कधी तीन आठवड्यांनी. मग नोमॅड आलं. दोन इंजिनांचं, वर पंख असलेलं, चौकोनी डब्यासारखं लहानसं विमान. आमची आखूड, खडबडीत पट्टी त्याला पुरायची. गोवराच्या साथीत औषधं त्यानंच आणली होती. त्या वर्षी माझ्या वर्गातली सगळी पोरं वाचली. त्यामुळे नोमॅडला कुणी नावं ठेवलेली राएलेत खपत नसे.

त्या सप्टेंबरात सोमवारी दुपारी ते उतरलं आणि नेमकी रुफिना मावशीची कालवड पट्टीवर आली. रुफिना सगळ्यांचीच मावशी. आमच्या बोलीत आम्ही तिला कामिनान रुफिना म्हणायचो. कॅप्टन लारिओसानं विमान डावीकडे वळवलं, कालवड वाचली, पण पुढचं चाक कडेच्या चरात गेलं आणि विमान नाकावर टेकून थांबलं. इंजिनांचे पंखे जमिनीला लागले नाहीत, एवढंच नशीब.

सार्जंट प्लासिदो, विमानाचा यंत्रज्ञ, खाली उतरून चाकाच्या पायाशी, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याशी, आडवा झाला. नऊ वर्षं तो त्याच विमानावर होता.

"पाय वाकलाय, सर," तो म्हणाला. "नवा पाय तळावरून यायला हवा."

"माझी कालवड घाबरलीय," मावशी म्हणाली.

"तुमची कालवड?" सार्जंट उठून उभा राहिला. "मावशी, तिला सांगा, पुढच्या वेळी हात दाखवून पट्टी ओलांड!"

मी रेडिओवरून तळाला कळवलं. उत्तर आलं ते पायाचं नव्हतं. मोठं वादळ सरळ आमच्या दिशेनं निघालं होतं, बुधवारी पहाटे पोचणार होतं. तोवर दुसरं विमान पाठवता येणार नव्हतं. माणसं सांभाळा, विमानाचा विचार करू नका, असा निरोप होता. निरोप शहाणपणाचाच होता. कॅप्टननं तो ऐकला आणि टोपी काढून हातात धरली. वय जेमतेम एकोणतीस.

"कागदपत्रं आणि औषधांच्या पेट्या काढून घ्या," तो सार्जंटला म्हणाला.

"काढतो, सर. पण मी इथंच झोपणार, विमानात."

"उद्या झोपा. परवा विमान तुम्हाला घेऊन समुद्रात जाईल."

तेवढ्यात आमा, म्हणजे माझे वडील, विमानाभोवती चक्कर मारून आले. फौस्तो त्यांचं नाव. बेटावर त्यांना सगळे मारान फौस्तो म्हणत, म्हणजे फौस्तोकाका. छपरं शाकारणं आणि वादळाआधी ती बांधणं यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे वादळ येणार म्हटलं की प्रत्येक घराच्या छपरावरून जाड दोरांचं जाळं टाकतात आणि ते जमिनीत पुरलेल्या दगडांना आवळतात.

"याची हाडं कुठं आहेत?" आमांनी सार्जंटला विचारलं.

"काय कुठं आहेत?"

"हाडं. घराचे वासे कुठं असतात ते मला कळतं. याचे वासे पत्र्याखाली लपलेत. कुठं दोर आवळला तर चालेल आणि कुठं चेपेल, तेवढं सांगा."

सार्जंट हसला. मग आमांच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. "मारान, हे घर नाही. घराला वारा ढकलतो. याला वारा उचलतो. पंख आहेत त्याला."

"मग ते मला शिकवा. दोर मी शिकवतो."

दोघं विमानाच्या सावलीत बसले. सार्जंटनं काडीनं मातीत पंखाचा आकार काढला. समोरून वारा आला आणि पंखाचं पुढचं टोक वर असलं, की विमान जागेवरच उडायला बघतं. टोक खाली असलं तर वाराच त्याला जमिनीवर दाबतो. म्हणून सार्जंटचा बेत होता आधी नाक वर उचलायचा, पाय ठोकून सरळ करायचा, निदान विमान नीट उभं करायचा.

"नीट कशाला?" आमा म्हणाले. "नाक खालीच आहे की. राहू दे. वारा येईल त्या बाजूला मान खाली घालून बसलं तर तुमच्याच हिशेबानं ते टिकतं."

सार्जंटनं काडी टाकली. कॅप्टनकडे पाहिलं. "सर, हा म्हातारा बरोबर बोलतोय."

"म्हातारा कोण?" आमा म्हणाले.

पण वस्तीला पटवायचं होतं. प्रत्येकाला स्वतःचं घर बांधायचं होतं, हाती एकच दिवस होता, आणि वाखाचे चांगले दोर मोजकेच. संध्याकाळी शाळेत सगळे जमले. कुणीतरी म्हणालं, विमान सरकारचं, सरकार दुसरं देईल.

"कधी देईल?" मीच विचारलं. "गोवर आला तेव्हा तुझी धाकटी किती दिवस थांबली असती?"

आमा उठले. "माझ्या स्वयंपाकघराचे दोर मी विमानाला देतो. घराचे नाही देत, घरात माणसं असतील. ज्याला जमेल त्यानं एकेक दोर आणा."

आमच्याकडे स्वयंपाकघर वेगळं असतं, अंगणाच्या पलीकडे, गवती छपराचं. आईनं आमांकडे असं पाहिलं की मला वाटलं वादळ बुधवारी नाही, आत्ताच येणार. पण सकाळी दोर उकलायला तीच शिडी धरून उभी होती. वस्तीतून सतरा दोर जमले. रुफिना मावशीनं दोन दिले, वर स्वतःचे दोन्ही बैल आणले. कालवडीचं नाव काढायची मग कुणाची हिंमत नव्हती.

मंगळवारी सकाळी विमानाचं नाक लाकडी घसरगाडीवर बसवलं, बैल जुंपले, आणि आम्ही चाळीसेक माणसं मागून ढकलू लागलो. पट्टीच्या पूर्वेला एक खोलगट वावर होतं, तिन्ही बाजूंनी दगडी बांध आणि दाट कुंपण असलेलं. तिथवर दोनशे पावलं. सार्जंट एकसारखा भोवती धावत ओरडत होता.

"तिथं हात लावू नका! तो पत्रा आहे! इथं, या दांड्याला! अहो मावशी, ते शेपूट बैलाचं नाही, सोडा ते!"

नाक उत्तरेकडे केलं, कारण वारा आधी उत्तरेकडून येणार होता. बाजूच्या चाकांखाली खड्डे खणून ती निम्मी जमिनीत बुडवली. पंखांवर लांबीनं गवताच्या जाड वळकट्या टाकल्या, म्हणजे वाऱ्याला वरून गुळगुळीत वाट मिळू नये आणि त्यानं पंख उचलू नयेत. ही अक्कल सार्जंटची. त्यावरून आमांचं जाळं गेलं. प्रत्येक दोराखाली पोत्याची घडी, प्रत्येक गाठ आमांच्या हातची. कॅप्टननं एक गाठ मारली तर आमांनी ती बोटानं सोडवून दाखवली. दुसरी सोडवायला त्यांना दात लावावे लागले. तिसरी त्यांनी तशीच ठेवली. कॅप्टन दिवसभर खुशीत होता.

वादळ बुधवारी पहाटे आलं. आमच्या दगडी घरात आम्ही नऊजण होतो, कॅप्टन आणि सार्जंट धरून. भिंती हातभर जाड. आईनं उकडलेली कोनफळं आणि सुके मासे पुढे ठेवले. सार्जंटनं कशालाही हात लावला नाही.

"बाहेरचा आवाज ऐका," आमा त्याला म्हणाले. "हा दोरांचा आवाज. दोर गातोय तोवर दोर आहे."

थोड्या वेळानं अंगणातून वेगळाच आवाज आला, कुणी मोठं कापड फाडावं तसा. आमांनी कवाडाच्या फटीतून पाहिलं.

"स्वयंपाकघर गेलं," ते म्हणाले आणि परत येऊन खायला बसले. आई म्हणाली, "नवं बांधाल तेव्हा खिडकी पूर्वेला हवी मला."

सकाळी दहाच्या सुमारास वारा एकाएकी पडला. आभाळ उजळलं. वादळाचा डोळा आमच्यावर होता. आता थोड्या वेळात वारा उलट फिरून दक्षिणेकडून येणार, हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. सार्जंट मात्र ताडकन उठला.

"मागून आला तर शेपूट उचलेल तो. नाक घट्ट बांधलंय आपण. उलटं होईल ते!"

"मग शेपूट खाली करू," आमा म्हणाले. "वारा येईल ती बाजू खाली. तुम्हीच शिकवलंत."

"कुणीही बाहेर जायचं नाही," कॅप्टन म्हणाला. "वेळ किती आहे ते माहीत नाही. तुमचा जीव माझ्या जबाबदारीवर आहे."

"कॅप्टन, अर्धा तास आहे. जास्त असेल, पण मी अर्धाच धरतो. वावर इथून तीन मिनिटांवर. शेपटीत भरायला बांधाचे दगड तिथंच आहेत." आमांनी कोयता घेतला. "मी असे डोळे पुष्कळ पाहिलेत. हा मोठा आहे."

कॅप्टननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कवाडाची खिटी स्वतःच काढली.

आम्ही धावलो. इतर घरांतूनही माणसं निघाली, कुणी हाक न मारता. विमान जागेवर होतं. एक खिडकी फुटली होती, बाकी जाळं जसंच्या तसं. आमांनी नाकाचे दोर सैल केले. सार्जंटनं मागच्या भागात फळ्या अंथरल्या, नाहीतर तळ फाटला असता, आणि आम्ही रांग करून बांधाचे दगड हातोहात आत द्यायला लागलो. कॅप्टन दारात उभा राहून प्रत्येक दगडाचा अंदाज घेत होता.

"चारशे... चारशे वीस... आयुष्यात पहिल्यांदा विमान उडू नये म्हणून वजन बघतोय मी!"

सहाशे किलोंच्या जवळपास नाक हललं, घसरगाडीवरून उचललं गेलं, आणि विमान हळूच, गाय बसते तसं, शेपटीवर बसलं. खाली गवताचे भारे टाकलेच होते. आमांनी शेपटीचे दोर आवळले. शेवटची गाठ बसत असताना दक्षिणेकडचं कुंपण सळसळलं.

"चला!" आमा ओरडले.

घरात शिरून कवाड लावलं आणि कवाडावर कुणी खांदा मारावा तसा वारा आदळला. सार्जंट भिंतीला पाठ टेकून बसला, दगडांनी सोललेले हात मांडीवर ठेवून. आईनं त्याच्यापुढे कोनफळ ठेवलं. या वेळी त्यानं खाल्लं.

दुपारी चारला सगळं शमलं. वस्तीतली सात छपरं गेली होती, चर्चचं अर्धं. मेलं कुणी नव्हतं. दोघांचे हात मोडले होते, रुफिना मावशीची मांडी. गोठ्याचा वासा पडला होता तिच्यावर. शाळेवरचा माझा रेडिओचा खांब मुळापासून उखडून कुठे गेला तो आजवर सापडलेला नाही. कागदासारखा कुठेतरी उडून गेला असावा. समुद्र तर आठवडाभर होडी घेणार नव्हता.

वावरात विमान शेपटीवर बसलेलं होतं, नाक आभाळाकडे. डाव्या पंखाची मागची पट्टी मुरगळली होती. सार्जंटनं सगळीकडे हात फिरवून पाहिला. मग आमांसमोर येऊन उभा राहिला आणि त्यांना कडक सलाम ठोकला. आमांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी त्याच्या हातात दोराचं टोक दिलं. "सोडवायला लागा. ओले दोर आखडतात."

शुक्रवारी ढगांवर इंजिनाची घरघर ऐकू आली. वायुदलाचं मोठं फोकर विमान बेटं पाहत फिरत होतं. कॅप्टन नोमॅडमध्ये शिरला, बॅटरी जोडली आणि रेडिओ लावला. माझा खांब गेल्यावर बाहेर बोलायला तेवढा एकच रेडिओ उरला होता.

वरून आवाज आला, "नोमॅड? तुम्ही कुठून बोलताय?"

"विमानातल्या माझ्या जागेवरून," कॅप्टन म्हणाला.

"वादळातून विमान वाचलं?"

"वाचलं. इथल्या लोकांनी बांधून ठेवलंय." मग त्यानं मला पुढे बोलावलं आणि कानावरचं यंत्र माझ्या कानाला लावलं. "यादी तू सांग. तुझं बेट आहे."

मी सांगितलं: मांडी मोडलेली एक बाई, हात मोडलेले दोघं, तांदूळ, पत्रे, खिळे, आणि पुढच्या चाकाचा एक पाय. वरच्या माणसानं सगळं एकदा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "आणखी काही?"

मी आमांकडे पाहिलं. "दोर," ते म्हणाले. "चांगला वाखाचा. नायलॉनचा नको, तो ताणतो."

रविवारी ह्युई हेलिकॉप्टर आलं, डॉक्टर आणि चाकाचा पाय घेऊन. डॉक्टरनं दोघांचे हात बसवले, मावशीची मांडी कामट्या बांधून स्थिर केली आणि तिला हेलिकॉप्टरमधून न्यायचं ठरवलं. मावशीनं साफ नकार दिला. तिनं आयुष्यात ते गरगरणारं पातं पाहिलं नव्हतं. जाईन तर नोमॅडमधूनच, म्हणाली. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस थांबलं तर चालेल. सार्जंटनं हेलिकॉप्टरनं आलेल्या दोघा यंत्रज्ञांबरोबर पाय बसवला, शेपटीतले दगड उतरवले, पंखाची मुरगळलेली पट्टी सरळ केली, दोन्ही इंजिनं तासभर चालवून पाहिली. मंगळवारी चाळीस माणसांनी विमान पुन्हा पट्टीवर आणलं. या वेळी ते स्वतःच्या तिन्ही चाकांवर चालत आलं.

मावशीला आत झोपवल्यावर सार्जंट दारात थांबला. "मारान, तुम्ही पण चला. मावशीबरोबर कुणीतरी हवंच."

आमांनी पायांतला चिखल गवताला पुसला आणि चढले. जाताना आत नजर फिरवून ते काहीतरी म्हणाले. नंतर मला कळलं, बसायच्या पट्ट्याची गाठ त्यांना पसंत पडली नव्हती.

विमान पट्टीच्या निम्म्यातच उचललं आणि समुद्रावर वळलं. पोरं टाळ्या पिटत होती. मी शाळेकडे गेले. तिथं हेलिकॉप्टरवाल्यांनी मला नवा रेडिओ लावून दिला होता. पंधरा मिनिटांनी बास्कोहून कॅप्टनचा आवाज आला. उतरलो, मावशी रुग्णालयाकडे निघाली, सगळं ठीक.

"आणि आमा?" मी विचारलं.

"तुझे वडील खाली उतरायला तयार नाहीत," कॅप्टन म्हणाला. "म्हणतात, पुन्हा एकदा फिरवा, या वेळी खिडकीजवळ बसतो."