मासळीच्या खोक्यातलं ऑर्किड

लेकीचं बाळंतपण उरकून चार महिन्यांनी घरी परतले, तर फाटकातच कुजक्या मासळीचा भपकारा. आईचं निळं ऑर्किड आंब्याच्या फांदीला तारेने टांगलेलं असायचं, मुळं उघडी, हवेत लोंबत. ते तिथे नव्हतं. भिंतीपाशी थर्माकोलचं खोकं होतं, बाहेरून मासा छापलेला, आणि आत थर्माकोलच्या चुऱ्यात ते झाड गळ्यापर्यंत पुरलेलं.

"अहो, हे काय केलंत?"

"कुंडी दिली त्याला," माझा नवरा विचियन म्हणाला. निवृत्त झाल्यापासून त्याला हात गप्प ठेवता येत नाहीत. "असं उघडंनागडं किती दिवस टांगायचं? कोळसा घालून पाहिला, हात काळे झाले. नारळाच्या सोडणात गोम निघाली. थर्माकोल बरा. हलका, कुजत नाही, आणि मे क्लोंगच्या मासळीबाजारात हवा तेवढा पडलेला असतो."

"धुतलात तरी?"

"पावसाने धुतला की."

"आणि खाली भोक?"

"भोक कशाला? पाणी वाया जातं."

मी हात घातला. बुळबुळीत कोमट पाणी, खवले आणि वळवळणाऱ्या अळ्या. मूळ धरलं तर साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा. या माणसाच्या ताटात इतकी वर्षं मी भात वाढला, याची त्या अळ्यांहून जास्त किळस आली.

महिनाअखेर आईला जाऊन वर्ष भरणार होतं. त्या दिवशी घरी भिक्षूंना भोजन द्यायचं आणि तिच्या फोटोपुढे तिचीच फुलं ठेवायची, एवढीच माझी इच्छा होती. आता फुलं गेली खड्ड्यात, झाड जगलं तरी पुरे होतं.

कुजकी मुळं कापत गेले. शेवटी एकच राहिलं, टोकाला हिरवं. ते खोक्याच्या काठावरून बाहेर आलं होतं आणि छापलेल्या माशाच्या डोळ्यावर घट्ट चिकटलं होतं. नखाने उचकून पाहिलं. हलेना.

"ओढ की," विचियन म्हणाला.

"तुटेल. मग झाडच गेलं."

"म्हणजे बघ, थर्माकोल मानवला त्याला!"

"मानवला? त्यातून पळून चाललं होतं ते! तुम्ही गप्प बसा हो."

सुरीने खोक्याची तेवढी बाजू कापली. मुळाला धक्का न लावता साबणाने घासली, परत परत घासली. वास जाईना. अखेर झाड, मूळ आणि मासा असं सगळंच फांदीला टांगलं. रोज सकाळी श्वास रोखून त्यावर पाणी मारायचं, की दिवसभर जेवणावरची वासना उडायची.

भोजनाच्या दिवशी मावशी सगळ्यांच्या आधी आली. तिने नाकाला रुमाल लावला नाही एवढंच. तोंड मात्र तसंच केलं.

"अम्फोन, काय गं ही घाण टांगलीस दारात? भिक्षू येतील आता. काढून टाकते मी."

तिने तारेला हात घातला.

"सोड ते!" मी इतक्या जोरात ओरडले की विचियनच्या हातातली पळी खाली पडली. "मावशी, आईचं तेवढंच उरलंय."