बुचावरचे नाव

मित्रांनो, मी एक जुने, रक्त फिरवणारे यंत्र आहे आणि स्वभावाने अगदी भित्रे आहे. कारखान्यात मला जोडले, शंभरदा फिरवून पाहिले आणि केसांच्या दवाखान्यात पाठवले. ज्यांचे केस गळतात त्यांचे थोडे रक्त नळीत घेऊन माझ्यात ठेवतात. मी गरगर फिरले की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर द्रव उरतो. तोच सुईने त्यांच्या डोक्यात टोचतात. केस आले तर कौतुक डॉक्टरीणबाईंचे आणि आवाज झाला की बोलणी मला!

माझी एक अट आहे. नळीच्या समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी, नाहीतर मी थडथडते. इथली परिचारिका, जिला सगळे ताई म्हणतात, समोर पाण्याची नळी ठेवायची. त्या दुपारी फार गर्दी होती. पाणी भरण्याऐवजी तिने एका बसचालकाच्या रक्तासमोर कॉलेजातल्या मुलीचे रक्त ठेवले. नावे तिने नेहमीप्रमाणे नळ्यांच्या बुचांवर लिहिली होती. एकाच माणसाचे रक्त असे तेव्हा ते खपून जाई.

मी थांबले. ताईने नळ्या काढून स्टँडमध्ये ठेवल्या, दोन्ही बुचे काढून ताटलीत टाकली आणि तेवढ्यात फोन वाजला. परत येऊन तिने घाईघाईने एक नळी उचलली. मित्रांनो, ती बसचालकाची होती! परक्याचे रक्त त्या मुलीच्या डोक्यात गेले आणि त्यात एखादा आजार असला तर? मला जिवाच्या आकांताने ओरडावेसे वाटत होते.

पिवळा द्रव सिरिंजमध्ये चढला. खुर्चीतली मुलगी सुईच्या भीतीने डोळे घट्ट मिटून बसली होती.

"ताई, हे हिचंच ना?" शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मावशीने सहज विचारले.

"हो" म्हणता म्हणता ताईची नजर ताटलीतल्या बुचांवर गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाईंची सुई तोवर मुलीच्या कपाळापाशी पोचली होती.

"थांबा, बाई!" ताई ओरडली. "कुठली नळी कुणाची, मला सांगता येणार नाही. चुकलं माझं."

डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली आणि दोन्ही नळ्या टाकून द्यायला सांगितल्या.

"म्हणजे परत रक्त काढणार?" मुलीचे डोळे भरून आले.

"काढावं लागेल गं. पण तू नको म्हणालीस तर आज राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुलीने एका हाताने मावशीला धरले आणि दुसरा पुढे केला. "नाव नळीवर लिहा. माझ्यासमोर."

ताईने लिहिले. मुलीने ते दोनदा वाचले.

मित्रांनो, आता मी खिळखिळे झाले आहे. भंगारात जाण्याची भीती वाटतेच, पण त्या दुपारइतकी नाही. तेव्हा मला सगळे ठाऊक होते आणि बोलता येत नव्हते. तुम्हाला बोलता येते. चूक ध्यानात आली, तर सुई टोचायच्या आत बोला.