सातवी काच

"दार लाव आधी! नाहीतर ये, तूच बस काचेवर, कोंबडी बसते तशी," सासरे पुटपुटले.

सूनबाईने दार लावलं. माणसाच्या अंगाची ऊब लागली तरी काच फुगते, हे ऐकण्यात तिची सतरा वर्षं गेली होती. दुर्बिणीसाठी एकच मोठा आरसा ओतणं परवडत नाही, तर सात लहान काचा घासून, शेजारी शेजारी बसवून त्यांचाच एक आरसा करायचा, ही कल्पना सासऱ्यांची. लोक पोट धरून हसले होते. मग पहिली दुर्बीण टेकडीवर उभी राहिली आणि हसणारेच वही घेऊन पद्धत विचारायला आले. आता ही दुसरी, तिच्या तिप्पट. सहा काचा रवाना झाल्या होत्या, सातवीसाठी गाडी दारात उभी होती. एक जरी काच चुकली, तर एका ताऱ्याचे दोन दिसणार.

सासऱ्यांनी नुकतीच घासलेली काच दिव्यासमोर धरायला लावली, पात्याची धार उजेडात सरकवली, काचेवरच्या सावलीत कुठे उंचवटा दिसतो का ते पाहिल्यासारखं केलं. "फर्स्ट क्लास. उचला."

चौकट घेऊन आलेल्या सुतारकाकांनी सूनबाईकडे पाहिलं, मग छताकडे. घासलेली काच निवायला दोन तास लागतात, तोवर ती धडधडीत खोटं बोलते. नियम सासऱ्यांचाच. त्यापायी एका मंत्र्याला त्यांनी व्हरांड्यात ताटकळत ठेवलं होतं. आज दहा मिनिटंही झाली नव्हती.

चौथ्या काचेपासून हे असंच चाललं होतं. सासरे दुपारी आडवे झाले की सूनबाई काच पुन्हा तपासायची, राहिलेला उंचवटा घासून काढायची. आवाज जाऊ नये म्हणून सासूबाई पंखा मोठा करून ठेवायच्या. घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आज मात्र गाडी दारात होती, मधे दुपार नव्हती.

"बाबा, जरा निवू द्या ना."

"गाडीवाला खोळंबलाय."

"त्याला चहा देते."

"मी पास केली म्हणतोय ना!"

सूनबाई काचेपुढून हलली नाही. सुतारकाकांनी चौकट भिंतीला टेकवली आणि तेही हलले नाहीत.

सासऱ्यांनी खिशातून हिरकणी काढली. तिनेच ते प्रत्येक काचेच्या पाठीवर आपली खूण कोरत. टेबलाची कड चाचपून त्यांनी ती पुढे केली, सूनबाई उभी होती त्याच्या हातभर डावीकडे.

"मागच्या तीन काचांवर खूण माझी, काम तुझं. ही तरी तुझ्या खुणेने जाऊ दे," ते म्हणाले. "मला दिसत नाही गं."