आठ वॅट

फोरमनला लेझर म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथंच होता. बावीस वर्षं तो कारखान्यात लेझरनं पोलादाच्या प्लेटा कापत आला होता. बोटभर जाडीची प्लेट त्याच्या यंत्राखाली लोण्यासारखी सुटायची. आता तीच आग त्याच्या... त्या जागेचं नाव तो मनातसुद्धा घेत नव्हता.

सहा महिने रक्त जात होतं. घरी त्यानं "कंबर धरलीय" अशी थाप मारली होती आणि जेवण उभ्यानं उरकत होता. बायको काही दूधखुळी नव्हती. एका सकाळी तो चक्कर येऊन जिन्यात कोसळला, तेव्हा तिनं त्याला थेट दवाखान्यात नेलं.

"कॅन्सर वगैरे काही नाही, काका," तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधी मूळव्याध आहे. पण अंगातलं रक्त निम्म्यावर आलंय. लेझरनं अर्ध्या तासात काम होईल."

"किती वॅटचं?"

"आठ."

"माझं तीन हजारांचं आहे," फोरमन म्हणाला. आपल्याला लहान मुलासारखं फसवताहेत, याबद्दल त्याची खात्रीच पटली.

"अहो, पुन्हा जिन्यात पडलात तर मी एकटी कशी उचलू तुम्हाला?" बायको म्हणाली. तिला रडू फुटलं, म्हणून त्यानं सही केली.

पाठीत सुई दिल्यावर कमरेखालचं शरीर असून नसल्यासारखं झालं. काही दुखत नव्हतं, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली. कारखान्यात एकाचं बोट गेलं, तेव्हा त्यालाही आधी काही कळलं नव्हतं. छातीशी हिरवा पडदा लावला होता. त्यापलीकडे यंत्र चालू झाल्याचा आवाज आला.

कारखान्यात त्यानंच घालून दिलेला एक शिरस्ता होता. किरणानं डोळे जाऊ नयेत म्हणून बटण दाबण्याआधी चालवणाऱ्यानं विचारायचं, "चष्मा?" प्रत्येकानं "आहे!" म्हटल्याशिवाय किरण सोडायचा नाही. इथं कुणीच काही विचारलं नाही.

"चष्मा?" फोरमन जिवाच्या आकांतानं ओरडला.

पलीकडे सगळं थांबलं.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आहे," भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"माझाही आहे," सिस्टर म्हणाली. "आणि तुमचा, काका?"

त्यानं हात लावून पाहिलं. सिस्टरनं त्याच्या डोळ्यांवर चढवलेला चष्मा कपाळावर होता. पलीकडचं दिसावं म्हणून त्यानंच तो वर सारला होता. याच गोष्टीसाठी तो बावीस वर्षं कामगारांवर खेकसत आला होता. त्यानं चष्मा खाली ओढला.

"तुम्ही सांगितल्याशिवाय मी सुरू करणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर बायको त्याच्या चपला पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून बसली होती.

"आहे," तो कसाबसा म्हणाला, आणि पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाईंनी पायाखालचं बटण दाबलं.