तेजोबाबाचा रथ आणि चांगुणाबाईची चक्की

"ना बैल, ना पेट्रोल, ना ढकलणारा! रथ चालतो कशावर? नामावर!" तेजोबाबा रथात बसून भोंग्यातून गरजला आणि झेंडूनं मढवलेला देवीचा रथ आपसूक पुढं सरकला. अख्खं करावे गाव हात जोडून उभं. बायका डोळ्यांना पदर लावतायत, बाप्ये वाकतायत. साल चौऱ्याऐंशी. पलीकडे नवं शहर उभं राहत होतं, आणि इकडे चांगली शहाणीसुरती माणसं चार चाकांच्या पाया पडत होती! रथाखालून आंबूस पाणी उडून लुगड्यांना भोकं पडत. तीही म्हणे देवीची खूण.

चक्कीच्या दारात उभ्या चांगुणाबाईनं नाक मुरडलं. नवरा गेल्यापासून दहा वर्षं ती एकटीनं पिठाची चक्की चालवत होती. चक्कीच्या नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, विजेत जोर आहे की नाही. रथ गावात आला त्या दिवसापासून दुपारी एक ते पाच चक्की रडायची, बल्ब पिवळा पडायचा, मोटार तापायची. एकदा तर जळलीच. आणि बरोब्बर त्याच वेळी, सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांच्या मधे, रथ मांडवात पडद्याआड असायचा. देवीची वामकुक्षी!

हे तिनं पाणवठ्यावर बोलून दाखवलं. संध्याकाळी बाबाच्या अंगात आलं.

"देवी निजताना गावाचं तेज पोटात घेते, म्हणून दिवे मंदावतात! पण त्या चक्कीच्या घरघरीनं तिची झोप मोडते. चक्की हलवा, नाहीतर कोप होईल!"

बाबाला गावात आणणारा पुढारी भगवान लगेच तिच्या दारात हजर. "चांगुने, पुनवेला सांजच्याला चक्की उचल. नाय तं आमी उचलू."

"आनि खाऊ काय रं मी? तुजी देवी वाढंल मला?"

भगवान निघून गेला. चांगुणाबाईला रडू फुटलं. मग रडण्यापेक्षा राग मोठा झाला. तिनं वायरमन नंदकिशोरला गाठलं. तो मराठवाड्यातून नोकरीला आलेला, कामाला चोख. त्यानं खांब बघितला, मांडवामागं डोकावला आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, खांबावरच्या तारेवर आकडा टाकलाय की हो चोरून! रथात बॅटऱ्या असणार. गोदीत माल वाहायला असली गाडी असते. रिकामी झाली की चार तास वीज पीत बसते. आपली तार बारीक, एकाच खांबावर सगळं गाव. ह्यानं ओरपली की तुमच्या मोटारीला जोर पुरत नाही. मग ती जास्त करंट ओढते, तापते आन् जळते. आत्ताच काढू का आकडा?"

"आत्ता नको. पुनवेला काढ. सकालची फेरी झाली की."

पुनवेला एक वाजता नंदकिशोरनं गुपचूप आकडा काढला. त्या दुपारी चक्की अशी खणखणीत चालली की चांगुणाबाई हसतच पीठ भरत होती.

पाच वाजता शंख फुंकला. रथ दहा हात आला आणि नेमका चक्कीसमोर थांबला. बाबानं मंत्र म्हटला, झग्याखालून कळ दाबली, पुन्हा दाबली. काही नाही.

"चक्कीवालीचं पाप! देवी रुसली!" बाबा ओरडला. भगवान चार गडी घेऊन चक्कीकडे वळला.

"रुसली नाय, उपाशी हाय!" चांगुणाबाई आडवी आली. "दुपारचं जेवान चुकलं तिचं!" आणि तिनं रथाचा जरीचा पडदा टराटरा ओढला.

आत बॅटऱ्यांची रांग, बोटाएवढ्या जाड वायरी आणि तेच लुगडी जाळणारं तेजाबाचं पाणी. नंदकिशोरनं आकड्याची तार रस्त्यावर टाकली आणि सगळं समजावून सांगितलं. वीज हवेतून येत नाही. एकानं चोरून ओढली की बाकीच्यांची कमी होते. दिवा मंदावला तर नवस बोलू नका, तार कुठं जाते ते बघा.

तोवर बाबा पसार. रथापेक्षा दुप्पट वेगानं, आणि तेही नामाविना!

भगवान मान खाली घालून गडी घेऊन परतला. चक्की जागची हलली नाही.

सगळ्यांत पुढं रडणारी बायजाबाई मात्र धावत आली आणि चांगुणाबाईच्या पायांवर कोसळली. "आई गं! तुज्याच अंगात देवी हाय!"

चांगुणाबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं.

"ऊठ, येडे! अंगात कायपन नाय माज्या. दोन कान हाईत, एक डोकं हाय. तुला पन हाय. वापर!"