डोन्या लेओकाडियाची खुर्ची

नातू डॉक्टर होऊन आला तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा होता, आणि पहिल्याच दिवशी स्पेनच्या कॅस्टील भागातलं ते सगळं गाव त्याला 'डॉन एवेलिओ' म्हणायला लागलं. त्याचा शेंबूड पुसलेली आजी मात्र गावाला 'लेओकाडिया मावशी'च राहिली. हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

तिनं पाद्रीबुवांना रस्त्यात गाठलं. "हे डॉन नि डोन्या येतं कुठून?"

"जुन्या लॅटिनमधून. अर्थ घरधनी; पुरुषाला डॉन, बाईला डोन्या. आधी राजेरजवाड्यांना म्हणत, मग आम्हाला, डॉक्टरांना, मास्तरांना."

"घरधनी? मग चाळीस वर्षं माझं घर काय मास्तरांनी चालवलं?"

पाद्रीबुवांना एकाएकी काम आठवलं. रविवारी चर्चच्या पायरीवर लेओकाडियानं जाहीर केलं: माझ्या उंबऱ्याच्या आत डोन्या म्हणायचं, नाहीतर बाहेरच थांबायचं.

गावानं ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.

नोव्हेंबरात तिच्याकडे डुक्कर कापायचा दिवस आला. शेजारणी जमल्या, मोठ्या लाकडी काठवटीत सॉसेजांचं मांस पडलं. त्यात तिखट, मीठ, लसूण घालणारा हात दरवर्षी लेओकाडियाचा. तिनं बाह्या सरसावल्या, तशी शेजारणींतल्या सातुर्निनानं खुर्ची पुढं केली, उशीसकट.

"बसा, डोन्या लेओकाडिया. तुम्ही कशाला हात खराब करता?"

"तू मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस?"

"डोन्याला काय अगं म्हणायचं?"

बायका खाली मान घालून हसल्या. लेओकाडिया बसली, मान ताठ ठेवून. तिनं पाहिलं की गप्पा थांबत, तिनं तोंड फिरवलं की रंगत. आणि जन्मभर नवऱ्याला अळणी खाऊ घातलेली सातुर्निना लेओकाडियाच्या वर्षभराच्या सॉसेजांत चिमूटचिमूट मीठ टाकत होती.

चवीपुरतं मांस तळून तिला बशीत दिलं, वर रुमाल.

"कसं झालंय, डोन्या?"

लेओकाडियानं घास बराच वेळ चावला. छान म्हणावं, तर वर्षभर तेच अळणी खायचं.

"सरक," ती उठली.

"अहो, पण डोन्यानं असं…"

"घरधनी खुर्चीत नसतो, सातुर्निने. काठवटीपाशी असतो. सरक, आणि लाल तिखट आण."

"मग आता काय म्हणायचं तुला?"

"बापानं ठेवलंय ते नाव." तिचे हात कोपरापर्यंत मांसात गेले. "पण थडग्यावर डोन्याच कोरायचं. तिथं मला दुसरं काही काम नसेल."