वाकड्या फांद्यांचा चुंबक

"निधान फिरवा, अम्मा," भीमाचार्यांनी बजावलं होतं. क्षमाने ऐकलं, पण भलतंच. आणि तिथेच माझा जन्म बिघडला.

मित्रांनो, मी एक चुंबक आहे. तसं वय फार नाही, गेल्याच वर्षीचा, १९६८ सालचा. पण दमलो आहे. पेन्सिलीएवढा माझा दांडा, कोबाल्ट आणि समेरियम नावाच्या दुर्मिळ धातूचा. हेब्बाळच्या बाजूला एका प्रयोगशाळेत मला वितळवलं. वितळलेला मी एका नळीत; हाताने चाक फिरवून ती नळी भट्टीतून खाली गारव्यात उतरवायची. गार टोकाकडून धातूच्या स्फटिकांची बारीक झाडं वर वाढतात. आधी खोड, मग फांद्या. नळी संथ उतरली तर सगळी एका दिशेने उभी राहतात आणि चुंबक जोरकस होतो. घाई केली की नुसता गुंता.

चाकावर होती पुण्याहून लग्न होऊन इकडे कानडी मुलखात आलेली क्षमा. घरी तान्ही लेक तापाने फणफणलेली, सगळं लक्ष तिकडे. मध्येच हात थबकला, तेव्हा तिचे वरिष्ठ भीमाचार्य तसं म्हणाले आणि पंपाकडे वळले. तिला टोमणा वाटला. तिने चाक भराभर फिरवलं.

संध्याकाळी ती सासूबाई गोदूबाईंना म्हणाली, "निदान फिरवा म्हणे. जशी मी झोपाच काढत होते."

गोदूबाई बाळाच्या कपाळावरची घडी बदलत हसल्या. "अगं, निदान नव्हे, निधान. म्हणजे हळू. कन्नडातलं. तुमच्या पुण्यात कानसुद्धा घाईत असतात वाटतं."

क्षमा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मला कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. फांद्या सैरावैरा. समेरियम संपलेलं, परदेशातून पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं, "चाकावर कोण होतं?" क्षमाची नोकरी अजून कच्ची, ती नोंदवही चाळत राहिली.

"मी होतो," भीमाचार्य म्हणाले. "वय झालं, सर. हात थरथरतो."

महिनाअखेर त्यांना घरी बसवलं.

मला फेकून देणार होते. क्षमाने रुमालात बांधून घरी आणलं. आता तिच्या शिवणाच्या डब्यात मी सुया धरून असतो. चार सुयांतच जीव थकतो. लेकीने तोंडात घालू नये म्हणून डबा उंच फळीवर. आचार्यांकडे जायला हवं, असं क्षमा दर रविवारी म्हणते, नि दर रविवारी घरात कुणाचं तरी दुखणं निघतं.

मित्रांनो, मी गंजलो तर गंजलो. पण माणसाला असं फळीवर ठेवून विसरू नका. भीमाचार्य देवनहळ्ळीला किल्ल्याजवळ एकटे राहतात. तिकडे जाणं झालं तर दार वाजवा. दार उघडायला त्यांना वेळ लागतो, लगेच परतू नका. जेवलात का, एवढं विचारून या.